बेचाळीस इंच

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी ओबदुलिया झेपेदाने नातीला जेवायला हाक मारली. "नायेली, हात धू गं! सूप गार होतंय." चार वर्षांची नायेली अंगणातल्या प्लास्टिकच्या टबातून उठली, ओल्या पायांनी ओसरीच्या दोन पायऱ्या चढली आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. तिने चमचा हातात घेतला असेल नसेल, तोच बाहेर असा आवाज झाला, जणू कुणी घराचं छप्पर उचलून आपटलं.

वळणावरून सुटलेला एक पांढरा पिकअप ट्रक फुटपाथवर चढला होता. तारेच्या जाळीचं कुंपण त्याने लोळवलं, लिंबाचं झाड मुळासकट आडवं केलं, टबाचा चेंदामेंदा केला आणि ओसरीच्या पहिल्या पायरीला नाक टेकवून तो थांबला. चालवणारा रंगारी पोरगेला होता. त्याला खरचटलंही नव्हतं, पण गवतात बसून तो हुंदके देत होता. ओबदुलियाने त्याला आधी पाणी पाजलं आणि मग तोंडाला येईल ते सुनावलं.

त्या संध्याकाळी तिची मुलगी आरासेली नायेलीला न्यायला आली, तेव्हा पोलीस येऊन गेले होते, ट्रक ओढून नेला होता. अंगणात चाकांचे दोन चर तेवढे राहिले होते. आरासेलीने ते चर पाहिले, टबाचे तुकडे पाहिले आणि मुलीला उचलून छातीशी घट्ट धरलं.

"आमा," ती म्हणाली, "उद्यापासून हिला पाळणाघरात ठेवते."

"अगं, पण मी आहे ना!"

"तू आहेस गं. पण हा रस्ताही आहे."

लोमा सेका शहरातल्या पालोमा रस्त्यावर ओबदुलिया एकतीस वर्षं राहत होती. त्यातली सव्वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे मुलांचं जेवण रांधलं. नवरा ऑक्ताव्हियो नऊ वर्षांपूर्वी गेला, नंतर निवृत्ती आली, आणि मग आरासेली दातांच्या दवाखान्यात कामाला जाताना नायेलीला आजीकडे सोडू लागली. तेव्हापासून ओबदुलियाच्या दिवसाला पुन्हा हातपाय फुटले होते. आता सकाळी सात वाजता दारात गाडी थांबेनाशी झाली. घर इतकं गप्प झालं की फ्रिज चालू झालेला ऐकू यायचा.

एप्रिल लागताच तिने फिदेन्सिओला बोलावलं. फिदेन्सिओ गवंडी, ऑक्ताव्हियोचा जुना दोस्त आणि आरासेलीचा बाप्तिस्म्यापासूनचा धर्मपिता. त्या नात्याने तो आणि ओबदुलिया एकमेकांना कोम्पाद्रे-कोमाद्रे म्हणत आणि त्याच हक्काने भांडतही.

"मला भिंत हवी," ती म्हणाली. "पाच फूट उंच. सिमेंटचे ब्लॉक, आत सळया. पुन्हा इथे ट्रकच काय, उंदीर घुसता कामा नये."

फिदेन्सिओने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "कोमाद्रे, आपल्याकडे पुढच्या अंगणाला काहीतरी मापं असतात म्हणे. पालिकेला विचारून घ्यायचं का?"

"ट्रकने विचारलं होतं पालिकेला?"

फिदेन्सिओ कामाला लागला. जुन्या कुंपणाच्या ओळीत खणलं तर गॅसचा पाइप लागला. मग पाया वीतभर बाहेर, फुटपाथच्या बाजूला घ्यावा लागला. "वीतभराने काय होतंय?" ओबदुलिया म्हणाली. तीन शनिवार-रविवारात भिंत उभी राहिली. राखाडी, सरळ, लोखंडी फाटकासकट. आरासेलीने येऊन भिंतीला हात लावून पाहिलं, खांद्याने ढकलून पाहिलं, आणि पुढच्या सोमवारी सकाळी सात वाजता नायेली पुन्हा दारात हजर झाली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फाटकाला एक पिवळा कागद बांधलेला सापडला. दुसऱ्या दिवशी त्या कागदामागोमाग माणूसही आला. पालिकेचा निरीक्षक टिग्रान मनुक्यान पन्नाशीचा होता, जाड भुवयांचा आणि हळू बोलणारा. कमरेला मोजपट्टी आणि काखेत फाइल. त्याचं स्पॅनिश मोडकंतोडकं होतं आणि तिचं इंग्रजी शाळेच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, पण भांडायला तेवढं पुरलं.

"सेन्योरा, पुढच्या अंगणात भिंत बेचाळीस इंचांपर्यंत चालते. तुमची साठ आहे."

"साठ आहे म्हणूनच बांधली."

"गाडी काढायच्या वाटेजवळ तर त्याहून कमी हवी. इथून कुणी गाडी मागे घेतं, तेव्हा फुटपाथवरून येणारं पोर त्याला दिसलं पाहिजे."

"माझं पोर आत आहे. ते मला दिसतंय."

मनुक्यानने मान हलवली, खाली बसून भिंतीच्या पायथ्याशी मोजपट्टी लावली आणि उठताना त्याच्या गुडघ्यांनी करकर केली. "आणि हे नऊ इंच. ही जागा तुमची नाही. फुटपाथची आहे."

"नऊ इंचांत पालिका काय आता घरं बांधणार आहे?" ओबदुलियाच्या आवाजाला धार चढली. "या रस्त्यावर प्रत्येकाच्या दारी कुंपण आहे. कुणाचं लाकडाचं, कुणाचं जाळीचं. तुम्ही बरोबर माझ्याच दारी कसे उगवलात?"

"तक्रार आली की यावं लागतं."

"कुणाची?"

"ते सांगता येत नाही." त्याने फाइल मिटली. "सेन्योरा, माझ्या आईच्याही घराला अशीच भिंत होती. तिला नोटीस माझ्याच खात्याने दिली. ती वर्षभर मला जेवायला बोलावत नव्हती. तुम्हाला वाटतं मला यात मजा येते? तीस दिवस आहेत. पाडायची नसेल तर सुनावणी मागा. तो तुमचा हक्क आहे."

त्याने सुनावणीचा अर्जही फाइलमधून काढून दिला. ओबदुलियाला तो कागद त्याच्या तोंडावर फाडायचा होता, पण तिने तो घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला.

त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. तक्रार कुणी केली? नळाचं पाणी तोडावं तशी नायेली पुन्हा आपल्यापासून तोडली जाणार, आणि तेही शेजारच्याच कुणाच्या तरी जिभेमुळे. तिने आरासेलीकडून इंग्रजीत चार ओळी लिहून घेतल्या: "आम्ही पालोमा रस्त्याचे रहिवासी, श्रीमती झेपेदा यांच्या भिंतीला आमची हरकत नाही." आणि तो कागद घेऊन ती दारोदार फिरली. ट्रकची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. लोकांनी पेन तिच्या हातातून हिसकून घेऊन सह्या केल्या. कुणी कॉफी पाजली, कुणी संत्र्यांची पिशवी दिली. एकवीस सह्या झाल्या.

बाविसावं घर कोपऱ्यावरचं, अल्विन होजेसचं. होजेस एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त बसचालक. साखरेने तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली खाल्ला होता, आणि तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत होता. रोज सकाळी स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत तो रस्त्याच्या टोकाच्या डोनटच्या दुकानापर्यंत जायचा. डोनट खायला बंदी होती, म्हणून बिनसाखरेची कॉफी घेऊन वर्तमानपत्र वाचून परत यायचा. ओबदुलियाशी त्याचं नातं हात हलवण्यापुरतं.

त्याने कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"मिस झेपेदा, मी सही नाही करू शकत."

"का?"

"कारण तक्रार माझीच आहे."

ओबदुलियाचा चेहरा तापला. ती ओसरीवर उभी, तो दारात बसलेला. "तुम्ही? मी तुमचं काय घोडं मारलं होतं? चार पावलांवर राहता. मला येऊन सांगता नाही आलं?"

"आलो होतो. दोनदा," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या फाटकाला घंटी नाही. कडी आतून. मी हाका मारल्या, भिंतीवर थापा मारल्या. आत रेडिओ चालू होता. पूर्वी जाळीतून तुम्ही मला दिसायचात, मी तुम्हाला. आता त्या बाजूला कुणी माणूस राहतं की नाही तेही कळत नाही."

"म्हणून पालिकेत जायचं? माझ्या नातीवर ट्रक येत होता, मिस्टर होजेस!"

"ठाऊक आहे मला. आवाज ऐकून मीच फोन केला होता पोलिसांना."

हे तिला माहीत नव्हतं. पण राग असा चढला होता की तिला ते ऐकूही गेलं नाही. तिने कागद ओढून घेतला आणि ती तरातरा घरी आली. फिदेन्सिओला फोन करून तिने अर्धा तास त्या म्हाताऱ्याचा उद्धार केला. "उभं राहता येत नाही त्याला, पण आडवा बरोबर आला!" असंही म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायेली ओसरीवर रंग भरत बसली होती आणि ओबदुलिया कपडे वाळत घालत होती. भिंतीपलीकडून चाकांचा खरखर आवाज आला. थांबला. मग तो आवाज उलटा, मागे जाऊ लागला. थोड्या वेळाने रस्त्यावर एका गाडीने कर्कश्श भोंगा वाजवला. पाठोपाठ दुसऱ्या गाडीने.

तिने बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि भिंतीवरून डोकावली.

होजेस रस्त्यात होता. फुटपाथवर विजेचा खांब होता, तो तर आधीपासूनच होता. पण खांब आणि तिची भिंत यांच्यामध्ये उरलेल्या फटीतून खुर्ची जात नव्हती. म्हणून तो मागे फिरून तिच्याच गाडीच्या वाटेवरून खाली उतरला होता आणि रस्त्याच्या कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांच्या समोरून, वीस-पंचवीस पावलांचं अंतर काटत होता. खालच्या कोपऱ्यावर उतार होता, तिथून तो परत फुटपाथवर चढणार. मान खाली, दोन्ही हात चाकांवर, जमेल तितक्या जोरात. वळणावरून एक मालाचा ट्रक आला, त्याने शेवटच्या क्षणी बाहेरून वळसा घेतला आणि त्याच्या वाऱ्याने होजेसची टोपी उडून गटाराशी पडली. तो थांबला नाही.

हेच वळण. हेच ट्रक. नायेली बसली होती तिथून आठ हातांवर.

ओबदुलिया बादलीवरून उतरली. मग स्वयंपाकघरातल्या खणातून शिवणकामाची मोजपट्टी काढली, नायेलीचा हात धरून बाहेर गेली आणि खांब ते भिंत मोजलं. सत्तावीस इंच. त्यात नऊ मिळवले तर छत्तीस. नऊ इंचांत काय होतंय ते तिला आता समोर दिसत होतं. तिने गटाराशी जाऊन टोपी उचलली आणि हाताने झटकली.

"आजी, ही कुणाची?" नायेलीने विचारलं.

"शेजाऱ्यांची."

संध्याकाळी टोपी आणि एक झाकलेलं भांडं घेऊन ती कोपऱ्यावरच्या घरी गेली. भांड्यात निवडुंगाच्या कोवळ्या पानांची कोशिंबीर होती, कांदा, टोमॅटो आणि लिंबू पिळून. होजेसने झाकण उघडून संशयाने पाहिलं.

"साखरेला चांगली असते," ती म्हणाली. "काटे काढलेत."

"सगळे?"

"माझे अजून आहेत."

तो हसला, आणि मग तिलाही हसू आवरेना. त्याने तिला आत बसवलं. तिने सरळच सांगितलं, की मी आज भिंतीवरून बघितलं, मला माहीत नव्हतं, मी चुकले. आणि हेही सांगितलं, की भिंत पाडली तर मुलगी नातीला पुन्हा आणणार नाही आणि मला रात्री झोप लागणार नाही. "तुम्हीच सांगा, मी काय करू?"

होजेसने कोशिंबिरीचे दोन घास खाल्ले. "मी या रस्त्यावरून एकोणीस वर्षं बस नेली," तो म्हणाला. "तुमच्या घरापाशी रस्ता उलट्या बाजूला कलतो. नवा माणूस असला की गाडी बाहेर फेकली जाते. आम्ही वळणाआधीच्या धोब्याच्या दुकानापासूनच ब्रेक दाबायचो. पूर्वी तिथे गाड्यांनी थांबण्याची पाटी होती. पलीकडे गोदामं झाली, ट्रकांची रांग लागायला लागली, तेव्हा ती काढून टाकली. मिस झेपेदा, तुम्ही भिंत बांधलीत ती चुकीच्या ठिकाणी. ट्रक रस्त्यावर अडवायला हवा, अंगणात नाही."

"आणि रस्ता कुणाचा?"

"ज्यांनी तुम्हाला नोटीस दिली त्यांचा."

सुनावणी जूनमधल्या एका बुधवारी संध्याकाळी पाच वाजता पालिकेच्या हॉलमध्ये होती. लांबट टेबलामागे तिघंजण बसले होते. मध्ये पांढऱ्या केसांच्या अध्यक्षीणबाई. ओबदुलियाला कानात घालायला यंत्र दिलं, त्यातून एक मुलगी सगळं स्पॅनिशमध्ये सांगत होती. फिदेन्सिओ लग्नातला कोट घालून आला होता. आरासेली दवाखान्यातून थेट, निळ्या कपड्यांतच. तिला वाटत होतं आईने एकवीस सह्या आणल्यात, आता सूट मिळणार. आईने मनात काय ठरवलंय ते तिला सांगितलेलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ती आली नसती.

मनुक्यानने मापं वाचून दाखवली. साठ इंच. नऊ इंच. गाडीच्या वाटेपाशी काहीच दिसत नाही. मग ओबदुलियाचं नाव पुकारलं. "तीन मिनिटं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

तिने सह्यांचा कागद पर्समधून काढलाच नाही. "हे गृहस्थ बरोबर बोलतात," ती म्हणाली. "भिंत चुकली. मी पाडते. आत घेते, बेचाळीस इंच ठेवते. मला सूट नको."

मागून आरासेली उठून उभी राहिल्याचा आवाज तिला यंत्र घातलेल्या कानातूनही ऐकू आला.

"पण तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की बाई, ही भिंत का बांधलीस. मी हौसेने नाही बांधली. मी घाबरून बांधली. माझी नात मेली असती. आणि घाबरून मी काय केलं, तर माझ्या शेजाऱ्याला त्याच ट्रकांसमोर ढकललं. तुमच्याकडे माझ्या भिंतीसाठी मोजपट्टी आहे. त्या ट्रकांचा वेग मोजायला कुणाकडे काय आहे?"

अध्यक्षीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. "श्रीमती झेपेदा, मला कळतंय. पण रस्त्यांचा विषय या मंडळाकडे नाही. आमच्याकडे फक्त कुंपणं आणि भिंती."

तेव्हा होजेसने हात वर केला. तक्रारदार म्हणून त्यालाही तीन मिनिटं होती. खुर्ची ढकलत तो पुढे आला. "बाई, मी रस्ते खात्याला दोनदा फोन केला. ते म्हणाले, फुटपाथवरचा अडथळा कुंपणवाल्यांकडे. कुंपणवाले म्हणतात, गाड्या रस्तेवाल्यांकडे. बस चालवायचो तेव्हा मलाही वाटायचं, माझा मार्ग संपला की माझं काम संपलं. पण थांब्यावरचा माणूस तसाच उभा असायचा. तिची भिंत पाडायला लावा, मीच सांगितलंय तुम्हाला ते. पण तिला तशीच उघड्यावर सोडू नका."

हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली आणि एकट्यानेच वाजवली म्हणून ओशाळून थांबलं. तिघांनी डोकी जवळ आणली. निकाल असा लागला: भिंत पाडायला तीसऐवजी नव्वद दिवस, दंड नाही, आणि मंडळाकडून रस्ते खात्याच्या अभियंत्याला एक पत्र. पत्राने काय होईल याची हमी कुणी दिली नाही.

बाहेर पायऱ्यांवर आरासेलीचा बांध फुटला. "आमा, तू मला विचारलंसही नाहीस! सगळ्या शहरासमोर म्हणतेस पाडते! मग नायेलीचं काय?"

"मिहा, माझ्या पोरी, मला दोघांचं बघायचं होतं."

"दोघांचं बघ. मी एकीचं बघते." ती गाडीत बसून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात कुणी थांबलं नाही.

पण त्या संध्याकाळी, आरासेली गेल्यावर, ओबदुलिया पायऱ्यांवरच बसली होती, तेव्हा मनुक्यान फाइल सांभाळत बाहेर आला आणि दोन पायऱ्या सोडून तोही बसला. "एक सांगू? भिंत उंच असली म्हणजे भक्कम असते असं नाही. नियम उंचीचा आहे, जाडीचा नाही. तुमच्याच जागेत दोन बुटक्या भिंती बांधा, मध्ये दोन फुटांची माती भरा, वर झाडं लावा. बेचाळीस इंचांच्या आत बसतं. गाडीच्या वाटेपाशी आणखी खाली उतरवा. नकाशा आणा, मी स्वतः बघतो. पाइप कुठून जातो तेही गॅसवाल्यांकडून आखून घेऊ, म्हणजे पुन्हा बाहेर सरकायला नको."

फिदेन्सिओ शेजारी उभा राहून कोटाची बटणं काढत होता. "बरोबर बोलतोय तो," तो पुटपुटला.

"म्हणजे?" ओबदुलियाने वर पाहिलं. "पहिल्या भिंतीने ट्रक थांबला नसता?"

फिदेन्सिओने नजर चुकवली. "रंगाऱ्याचा थांबला असता कदाचित. गोदामाचा नाही. एका ओळीचे ब्लॉक आहेत, कोमाद्रे."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तेव्हा तू तीन आठवडे नीट जेवली नव्हतीस. मी ती भिंत ट्रकसाठी नव्हती बांधली." त्याने कोट खांद्यावर टाकला. "तुझ्या धडधडीसाठी बांधली होती."

ओबदुलिया त्याला काहीतरी लागेल असं बोलणार होती. पण तिने त्याचा हात धरला आणि त्याच्या आधाराने उठली.

जुलैच्या एका शनिवारी भिंत पाडली. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांतले निम्मे लोक हातोडे घेऊन आले. "सही राहू दे, हातोडा चालव" असं एकमेकांना चिडवत होते. दुपारपर्यंत रस्ता पुन्हा समोर दिसू लागला. ओबदुलियाला तो फार जवळ आल्यासारखा वाटला. पहिले काही दिवस प्रत्येक ट्रकच्या आवाजाला ती आत पळायची. मग पळणं कमी झालं, कारण समोरून जाणारं प्रत्येक माणूस थांबून बोलू लागलं, आणि बोलणं अर्धवट टाकून पळणं बरं दिसेना.

फिदेन्सिओने या वेळी दोरी लावून, पाइपपासून अंतर राखून, दोन बुटक्या भिंती उठवल्या. मध्ये माती भरली. तिच्यात ओबदुलियाने मिरच्या आणि तांबडे जिरेनियम लावले. होजेस रोज कॉफीला जाता-येता थांबून सूचना करायचा. त्याला झाडांतलं काही कळत नव्हतं, पण तो गप्प बसत नव्हता. खांब आणि नव्या भिंतीमधून पहिल्यांदा खुर्ची गेली, तेव्हा त्याने मुद्दाम मागे येऊन पुन्हा एकदा जाऊन दाखवलं.

आरासेली रविवारी यायची, पण मुलीला मागच्या अंगणातच ठेवायची आणि पुढच्या दाराकडे बघायचीही नाही. आईलेकी हवापाण्यावर बोलायच्या. ओबदुलियाने आग्रह केला नाही. पोटच्या पोरीसाठी वाटणारी भीती काय असते ते तिला सांगायला नको होतं.

ऑगस्टमध्ये पालिकेच्या माणसांनी रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या. त्यांवरून गाडी गेली की बाजूच्या पेटीत तिच्या वेगाची नोंद व्हायची. आठवड्याने नळ्या काढून नेल्या आणि मग महिनाभर काहीच झालं नाही. होजेस दर सोमवारी रस्ते खात्याला फोन करायचा, दर गुरुवारी ओबदुलिया. तिने इंग्रजीतलं एक वाक्य पाठ केलं होतं: "मी पालोमा रस्त्यावरची झेपेदा, तुम्ही मला विसरला नाहीत ना?" तिकडची मुलगी तिचा आवाज ओळखायला लागली. ऑक्टोबरच्या शेवटी डांबराची गाडी आली आणि वळणाच्या आधी दोन रुंद गतिरोधक घातले गेले. थांबण्याची पाटी परत मिळाली नाही. फुटपाथच्या कडेला लोखंडी खांब मागितले होते, ते "विचाराधीन" आहेत असं पत्र आलं. ओबदुलियाने विचाराधीन म्हणजे काय ते विचारलं. होजेस म्हणाला, "म्हणजे गुरुवारचा फोन बंद करायचा नाही."

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी होजेस कॉफी पिऊन परतत होता, तेव्हा ओबदुलियाच्या घरासमोर पलीकडच्या बाजूला एक निळी गाडी उभी दिसली. आत आरासेली, मागच्या सीटवर नायेली. इंजिन बंद. तो खुर्ची वळवून रस्त्याच्या कडेला थांबला आणि त्याने पलीकडून हाक मारली.

"कुणाची वाट बघतेस, पोरी?"

"ट्रकची," आरासेलीने काच खाली करून सांगितलं.

"मग बसावं लागेल. आताशा ते सावकाश येतात."

तिला हसू आलं नाही, पण ती बसली. अर्धा तास बसली. गोदामाचे चार ट्रक आले. चारही धोब्याच्या दुकानापाशी मंद झाले, पहिल्या उंचवट्यावर चढले, दुसऱ्यावर चढले आणि बैलगाडीच्या चालीने वळण घेऊन गेले. पाचवा जरा जोरात आला, त्याच्या मागच्या साखळ्या खणखणल्या आणि चालकाने स्वतःलाच शिवी दिलेली तिला ऐकू आली.

ओबदुलिया हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. गाडी आल्यापासून ती तिथेच उभी होती. बाहेर जाऊ नकोस, तिने स्वतःला बजावलं होतं. तिचं तिला ठरवू दे.

गाडीचं दार उघडलं. आरासेलीने नायेलीला उतरवलं, दोन्हीकडे बघून, तिचा हात घट्ट धरून रस्ता ओलांडला आणि ती भिंतीपाशी थांबली. भिंत तिच्या पोटाइतकीच होती. मातीवर हात ठेवून ती जरा वेळ उभी राहिली. पहिल्यासारखं खांद्याने ढकलून पाहिलं नाही. मग तिने फाटक ढकललं. त्याला आता कडी नव्हती.

ओबदुलियाने दार उघडलं. आरासेलीच्या खांद्यावर छोटी पिशवी होती. आत कपड्यांचा जोड, रंगांची पेटी, दुपारच्या झोपेचं पांघरूण.

"सहा वाजता येते," आरासेली म्हणाली. आवाज अजून जरा ताठ होता. "टीव्ही अर्धा तास. खोकला आहे थोडा, थंड काही देऊ नकोस. आणि पुढच्या अंगणात खेळली तर…" ती थांबली.

"तर मी तिच्याबरोबर असेन."

"तर तू तिच्याबरोबर अस," आरासेलीने आईच्याच शब्दांत आज्ञा केली. मग पिशवी आईच्या हातात देताना तिचा हात क्षणभर तिथेच राहिला. "आमा, त्या दिवशी पायऱ्यांवर मी फार बोलले."

"बोललीस. बरोबरच बोललीस. पोरीला उशीर होतोय, निघ आता."

"पोर मी की ही?"

"दोघी."

आरासेली गेली. नायेली ओसरीवरून अंगणात उतरली, गाडीच्या वाटेजवळ भिंत आणखी बुटकी होती तिथे गेली आणि चवड्यांवर उभी राहून पलीकडे कोण कोण जातंय ते बघू लागली. होजेसने तिला टोपी काढून सलाम केला. तिने त्याला विचारलं, तुझा दुसरा पाय कुठे गेला. तो सांगू लागला आणि ओबदुलिया पायरीवर बसून, दोघांवर नजर ठेवून, दुपारच्या सूपसाठी गाजरं सोलू लागली.